बेटांचा बेत

ज्वालामुखीतून वर आलेल्या, भर महासागरातल्या एखाद्या बेटावर आठवडाभर राहावे, दुर्मिळ पाखरे पाहावीत, तोंडात नळी धरून उथळ पाण्यावर पालथे तरंगत प्रवाळ आणि मासे न्याहाळावेत, असा बेत जालन्यात बसून आखणे प्रथमदर्शनी विसंगत वाटते. समुद्र येथून तीनशे किलोमीटरांहून दूर. आमच्या जिल्ह्याचे पाणी म्हणजे गोदावरी, पूर्णा, दुधना आणि पुष्कळ उन्हाळ्यांत टँकर. तरीही आम्ही मॉरिशसचा बेत आखावयास घेतला. पर्यटनाच्या माहितीपत्रकांत अशा बेटांना हटकून दोन विशेषणे लावलेली असतात: 'दूरस्थ' आणि 'अस्पर्शित'. बेताच्या निमित्ताने थोडा इतिहास चाळला आणि ही दोन्ही विशेषणे टिकेनाशी झाली. पैकी पहिले तर जालन्याच्याच बाजूने ढासळले.

आरंभ दगडापासून करावा लागतो. जालना जिल्हा ज्या काळ्या कातळावर वसला आहे, तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्या काळी आपला भूखंड विषुववृत्ताच्या दक्षिणेस होता. हा लाव्हा पृथ्वीच्या पोटातील ज्या तप्त स्थानातून उसळला ते अजून निवालेले नाही, असे भूशास्त्रज्ञांचे बहुमान्य मत आहे. भूखंड उत्तरेकडे सरकत गेला आणि त्या स्थानाच्या माथ्यावर एकामागून एक ज्वालामुखी उभे राहिले. लक्षद्वीप, मालदीव, चागोस, मॉरिशस ही त्यांची रांग. सर्वांत धाकटे रियुनियन, जेथील ज्वालामुखी आजही वारंवार जागा होतो. मॉरिशसचे सर्वांत जुने खडक ऐंशी-नव्वद लाख वर्षांचे आहेत. म्हणजे आमच्या विहिरी ज्या कातळात खोदल्या गेल्या, त्याचेच हे धाकटे भावंड. रांगेतील मधली बेटे आज केवळ प्रवाळांची कंकणे म्हणून उरली आहेत. ज्वालामुखी हळूहळू खचतो आणि त्याच्या काठचे प्रवाळ उजेडासाठी वर वर वाढत राहतात, ही उपपत्ती चार्ल्स डार्विनने १८४२ च्या आपल्या ग्रंथात मांडली. त्यापूर्वी १८३६ च्या एप्रिल-मे महिन्यांत 'बीगल' जहाजाबरोबर तो मॉरिशसला येऊन गेला होता.

परंतु दगडाचे नाते कोट्यवधी वर्षांचे. त्याला इतिहास म्हणणे कदाचित अतिव्याप्त ठरेल. माणसांच्या इतिहासात जालना आणि मॉरिशस यांची गाठ एका फसलेल्या बेतामुळे पडते. तेव्हा हे बेट फ्रेंचांचे होते. १७९८ मध्ये टिपू सुलतानाचे वकील तेथे मदत मागण्यास गेले. गव्हर्नर मालार्तिकने त्याचा जाहीरनामा काढला आणि टिपूवर युद्ध लादण्यास इंग्रजांना निमित्त मिळाले. पुढे १८०० च्या अखेरीस गव्हर्नर जनरल रिचर्ड वेलस्लीने आपला धाकटा भाऊ आर्थर याला मॉरिशसवरील स्वारीच्या तयारीसाठी सिंहलद्वीपातील त्रिंकोमाली बंदरात पाठविले. ती स्वारी निघालीच नाही. सैन्याला इजिप्तकडे वळविण्याचे हुकूम आले, नेतृत्व बेअर्डकडे गेले आणि आजारी आर्थर मुंबईत मागे राहिला. अडीच वर्षांनी, २१ सप्टेंबर १८०३ रोजी, तोच आर्थर वेलस्ली बदनापूरला कर्नल स्टीव्हन्सनला भेटला आणि दोनच दिवसांनी केळणा व जुई या नद्यांच्या दुआबात, असई येथे, त्याने शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी गाठ घातली. त्याच्या बाजूचे दीड हजारांहून अधिक सैनिक त्या दिवशी मारले गेले वा जखमी झाले. मॉरिशस इंग्रजांच्या हाती पडले ते १८१० मध्ये. भोकरदन-जाफराबादकडची शेते आणि ते बेट एकाच साम्राज्याच्या नकाशावर एकाच माणसाच्या बेतांत होती, एवढे तरी येथे निश्चित म्हणता येते.

डार्विन उतरला तेव्हा तेथील गुलामगिरी कायद्याने नुकतीच, १ फेब्रुवारी १८३५ रोजी, संपली होती. हिंदुस्थानातून जन्मठेपेवर पाठविलेले कैदी रस्त्यांच्या कामावर राबताना त्याने पाहिले आणि त्यांची आवर्जून नोंद केली. उसाच्या मळ्यांना मात्र नवे हात हवे होते. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'ॲटलस' जहाजातून करारबद्ध मजुरांची पहिली तुकडी पोर्ट लुईस बंदरात उतरली होती. पुढील आठ-नऊ दशकांत सुमारे साडेचार लाख माणसे याच मार्गाने आली. बहुसंख्य कलकत्ता आणि मद्रासहून. मुंबईहून निघालेल्यांत कोकणातील मराठी माणसे होती. 'ॲग्रीमेंट'चे 'गिरमिट' झाले. या मंडळींनी गणेशोत्सव नेला, जो आज तेथे सार्वजनिक सुट्टीचा दिवस आहे. नाचाची 'झाकरी' नेली, जी कोकणातल्या जाखडीची बहीण शोभते. उसासाठी रान मोकळे करताना त्यांनी आणि त्यांच्या आधीच्या गुलामांनी वेचलेल्या काळ्या दगडांच्या राशी तेथील शेतांत अजूनही मनोऱ्यांसारख्या उभ्या आहेत. आमच्याकडे असेच दगड वेचून बांधावर रचतात.

गिरमिटाची एक अट आम्हांस विशेष खटकली. मजूर एक दिवस कामावर आला नाही, तर मजुरी दोन दिवसांची कापली जाई. जालन्यातील वाचकाला येथे 'खाडा' हा शब्द आठवल्यावाचून राहणार नाही. मंठा, अंबड, घनसावंगी अशा तालुक्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो आणि खाड्याचा दंड असतो. दोन्ही व्यवस्था एकच, असे म्हणणे बेजबाबदारपणाचे होईल. येथे समुद्र आडवा नाही, मतदानाचा हक्क आहे, पाच-सहा महिन्यांनी घर आहे. पण आगाऊ रकमेने बांधलेले श्रम, मधला दलाल आणि आजारपणाची वजावट ही चौकट ओळखीची आहे. मॉरिशसमध्ये या मधल्या माणसाला 'सरदार' म्हणत.

'अस्पर्शित' या विशेषणाची कथा याहून थोडकी. आग्नेय किनाऱ्यावरील ग्रां पोर्टच्या उपसागरात १५९८ मध्ये डच उतरले. डोडोचे शेवटचे विश्वसनीय दर्शन १६६२ चे. १६३९ मध्ये डचांनीच जावाहून ऊस आणला, एबनीची जंगले तोडली आणि १७१० मध्ये ते निघून गेले. बेर्नार्दां द सें-पिएरची 'पॉल आणि व्हर्जिनी' ही कादंबरी १७८८ मध्ये प्रसिद्ध होऊन हे बेट युरोपच्या कल्पनेत निसर्गस्वर्ग ठरले, तेव्हा तो स्वर्ग शतकभर जुना आणि बराच विरळ झालेला होता. १९७४ मध्ये मॉरिशसच्या केस्ट्रल या छोट्या ससाण्याचे रानात केवळ चार पक्षी माहीत होते. १९९० च्या सुमारास गुलाबी कबुतरे दहाच्या आसपास उरली होती. आज दोन्ही शेकड्यांनी आहेत, कारण माणसांनी त्यांची अंडी उबविली, पिले वाढविली, उंदीर-मांजरांचा बंदोबस्त केला. इल ओझेग्रेत या सव्वीस हेक्टरांच्या प्रवाळी बेटावर नामशेष स्थानिक कासवांच्या जागी अल्दाब्राची महाकासवे सोडली आहेत, कारण एबनीच्या बिया पसरविण्यास कोणीतरी हवे. तेथे जे पाहावयाचे ते जपलेले रान आहे, आणि त्यात हलकेपणा काहीच नाही.

त्याच किनाऱ्याजवळ, २५ जुलै २०२० रोजी, 'वाकाशिओ' हे मालवाहू जहाज प्रवाळावर चढले आणि ६ ऑगस्टपासून सुमारे हजार टन इंधनतेल पाण्यात सांडले. इल ओझेग्रेतवरून दुर्मिळ सरडे, पक्षी आणि रोपे हलवावी लागली. काठच्या रहिवाशांनी तेल अडविण्यासाठी कापडात उसाचे पाचट कोंबून लांबलचक तरंगते बांध शिवले. ज्या उसासाठी त्यांचे पूर्वज आणले गेले, त्याच्याच पाचटाने त्यांनी आपला समुद्र अडविला, ही गोष्ट आम्हांला कोणत्याही प्रेक्षणीय स्थळाहून मोठी वाटते.

तेव्हा आमचा बेत असा ठरला. पहिले तीन दिवस माएबूरजवळ: एक इल ओझेग्रेतसाठी, दोन ब्लू बेच्या सागरी उद्यानातील प्रवाळांसाठी. तेथे पाय टेकावयाचे नाहीत, काही उचलावयाचे नाही, अंगाला क्रीम फासून पाण्यात उतरावयाचे नाही. वाढत्या तापमानाने प्रवाळ आधीच पांढरे पडत आहेत. पुढचे दोन दिवस ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यानात, केस्ट्रल आणि गुलाबी कबुतरांसाठी. सहावा पश्चिमेकडे, मराठी वस्तीच्या कास्काव्हेल गावी. सातवा पोर्ट लुईसला, आप्रवासी घाटाच्या दगडी पायऱ्यांपाशी. जानेवारी ते मार्च वादळांचे, म्हणून निघणे ऑक्टोबरच्या अखेरीस. मुंबईहून विमानाने सहा-साडेसहा तास.

तारीख निश्चित करताना एवढेच जाणवले की, आम्ही जालना स्थानकावर मुंबईची गाडी पकडू, त्याच आठवड्यात मंठ्याकडून टोळ्यांचे ट्रक निघालेले असतील. आमचे परतीचे तिकीट मात्र आधीच काढलेले असेल.