विकास मंडळ आणि विकास महामंडळ
‘मंडळ’ आणि ‘महामंडळ’ हे शब्द एकाच अर्थाचे वाटत असले, तरी त्या दोन वेगळ्या यंत्रणा आहेत. महामंडळ स्वतः कामे करते. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ 1962 मध्ये स्थापन झाले. जमीन संपादन करून रस्ते, पाणी यांसह भूखंड उद्योजकांना देणे हे त्याचे काम. सोलापुरात अक्कलकोट रस्ता व चिंचोळी येथील औद्योगिक वसाहती त्याच्याच. जुन्या कापड गिरण्या बंद पडत गेलेल्या या शहरात चादर-टॉवेलच्या यंत्रमागांना अक्कलकोट रस्त्यावर जागा मिळाली, हे मोलाचे ठरले. भीमा खोऱ्यातील सिंचनाची कामे 1996 पासून महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळाकडे आहेत; उजनी धरण मात्र त्याआधीचे.

मंडळ मात्र फक्त अनुशेष, म्हणजे विकासात राहिलेली तूट, मोजत असे व निधीवाटपाबाबत शिफारस करत असे. राज्यघटनेच्या अनुच्छेद 371(2) नुसार 1994 मध्ये विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र अशी तीन वैधानिक मंडळे नेमली गेली. सोलापूर ‘उर्वरित’मध्ये मोडले, आणि येथेच खरी अडचण होती. जिल्ह्यातील सांगोला, मंगळवेढा हे अवर्षणप्रवण तालुके मुंबई-पुण्याच्या पंक्तीत बसले. प्रदेशाच्या सरासरीत त्यांची तहान दिसेनाशी झाली. वि. म. दांडेकर समितीने 1984 च्या अहवालात जिल्हा हे एकक धरून अनुशेष मोजला होता. सोलापूरसारख्या जिल्ह्याला तीच पद्धत अधिक न्याय्य होती. तिन्ही मंडळांची मुदत 30 एप्रिल 2020 रोजी संपली.