एका जीवनसत्त्वाचीं अनेक नांवें

ज्ञान मिळविणें जितकें कठीण, तितकेंच मिळालेलें ज्ञान पुन्हां सांपडणेंही कठीण असतें. आहार आणि आरोग्य यांवरील संशोधनाच्या इतिहासांत याचें एक बोधक उदाहरण मुंबईशीं निगडित आहे.

डॉ. ल्यूसी विल्स या इंग्रज विदुषी १९२८ सालीं मुंबईस आल्या. गिरण्यांत राबणाऱ्या गरीब स्त्रियांना गरोदरपणीं एक घातक पांडुरोग जडत असे, आणि कित्येक मातांचा त्यांत अंत होई. परळच्या हाफकिन संस्थेंत विल्स यांनीं प्रथम जंतूंचा माग काढून पाहिला. तो निष्फळ ठरल्यावर त्यांची दृष्टि रुग्णांच्या ताटाकडे वळली. इंग्लंडांत पावाला लावून खाल्ला जाणारा, यीस्टपासून केलेला मार्माइट हा अगदीं साधा पदार्थ. तो दिल्यावर त्या स्त्रियांच्या रक्तांत झपाट्यानें सुधारणा झाली. ही हकीकत १९३१ सालीं ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ मध्यें प्रसिद्ध झाली.

शोध लागला, पण यीस्टमधील गुणकारी द्रव्य कोणतें, हें कळलें नव्हतें. कोणी त्यास ‘विल्स घटक’ म्हणूं लागले. १९३८ सालीं माकडांवर प्रयोग करणाऱ्यांनीं ‘व्हिटॅमिन एम’ हें नांव दिलें. कोंबडीच्या पिलांवर काम करणाऱ्यांनीं निराळेंच ठेवलें. १९४१ सालीं पालकाच्या पानांतून काढलेल्या द्रव्यास, पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून, ‘फॉलिक ॲसिड’ हें नांव मिळालें. १९४५ मध्यें अमेरिकेंतील लेडर्ले प्रयोगशाळेंत यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखालीं तें कृत्रिम रीतीनें तयार झालें, आणि हळूहळू या साऱ्या नांवांमागील वस्तु एकच, हें उलगडलें. पुढें १९९१ सालीं प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चांचणीनें याहून मोठें फळ दाखविलें. ज्या मातांचें आधींचें अपत्य मेंदूच्या किंवा पाठीच्या कण्याच्या जन्मजात दोषानें ग्रस्त होतें, त्यांनीं गर्भधारणेच्या सुमारास फॉलिक ॲसिड घेतल्यास तो दोष पुन्हां उद्भवण्याचा धोका शेंकडा ७२ इतका घटला.

अशा पांगलेल्या लेखांची नोंद ठेवण्याचा उद्योग अमेरिकेंत पूर्वींच सुरू झाला होता. जॉन शॉ बिलिंग्ज या लष्करी शल्यवैद्यांनीं विद्यार्थिदशेंत प्रबंध लिहितांना ग्रंथ धुंडाळण्याचे कष्ट सोसले होते. लष्करी वैद्यकीय ग्रंथालयाचा भार हातीं आल्यावर त्यांनीं रॉबर्ट फ्लेचर यांच्या साह्यानें १८७९ सालीं ‘इंडेक्स मेडिकस’ ही मासिक सूची काढली. त्या ग्रंथालयाचें पुढें राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालय झालें, आणि १९६० सालीं त्यानें ठराविक विषयशीर्षकांची यादी तयार केली. आतां लेखकानें ‘व्हिटॅमिन एम’ लिहिलेलें असो वा ‘फोलेट’, शोधणाऱ्याची वाट ‘फॉलिक ॲसिड’ या एकाच शीर्षकाकडे वळते. १९६४ पासून हें काम संगणकाकडे गेलें, १९७१ मध्यें मेडलाइन आली, आणि १९९७ पासून पबमेड ही सूची सर्वांना विनामूल्य खुली झाली.

तथापि केवळ यंत्रानें शोध साधत नाहीं. ‘फॉलिक ॲसिड’ एवढेच शब्द लिहिणाऱ्याच्या हातीं विल्स यांचा मूळ लेख लागणें कठीण. कारण त्याच्या मथळ्यांत तें नांव नाहीं, आणि इतक्या जुन्या नोंदींना विषयशीर्षकेंही जोडलेलीं नाहींत. म्हणून जाणता शोधक प्रश्नाचे भाग पाडतो: रोगी कोण, व्याधि कोणती, उपाय कोणता. प्रत्येक भागाचे पर्यायी शब्द तो ‘किंवा’ नें जोडतो, आणि मग ते भाग ‘आणि’ नें एकत्र बांधतो. पांडुरोगाच्या इंग्रजी शब्दाचीं ब्रिटिश आणि अमेरिकन अशीं दोन्ही वर्णलेखनें तो घेतो. विषयशीर्षकाच्या जोडीला मथळ्यांतील साधे शब्दही तो तपासतो. एक चांगला लेख मिळाला, म्हणजे त्यानें कोणाचा आधार घेतला आणि पुढें कोणीं त्याचा घेतला, हेंही तो पाहतो.

ही काटेकोर वृत्ति पांडित्याचा सोस नव्हे. आहारावरील सल्ला अर्धवट शोधावर आधारला, तर त्याची किंमत माता आणि बालकें मोजतात. एखादी गोष्ट सांपडली नाहीं, म्हणून ती नाहींच असा निर्णय देण्यापूर्वीं तिला पूर्वीं कोणत्या नांवानें ओळखत असत, हें विचारणें इष्ट होय.