पोटदुखी, संगणक आणि डॉक्टर

“डॉक्टर, मोबाईलवर एआयला विचारलं. अपेंडिक्स असेल म्हणतोय.” असे सांगणारे रुग्ण आता वरचेवर येतात. यंत्राकडून निदान ही अलीकडची गोष्ट आहे, असे तुम्हाला वाटत असेल. प्रत्यक्षात तिला पन्नास वर्षे होऊन गेली आहेत.

पोट अचानक दुखू लागले की कारण ओळखणे अवघड असते. अपेंडिक्सची किंवा पित्ताशयाची सूज, फुटलेला अल्सर, आतड्यातील अडथळा यांची सुरुवात बरीच सारखी दिसते. उशीर झाला तर अपेंडिक्स फुटते. घाई केली तर विनाकारण पोट उघडावे लागते. इंग्लंडमधील लीड्स येथे डॉ. डी डोंबल यांनी यासाठी संगणकाची मदत घेतली. दुखणे कुठे सुरू झाले, कुठे सरकले, उलटी झाली का, अशी ठरावीक माहिती संगणकात भरायची. आधीच्या रुग्णांच्या नोंदींवरून प्रत्येक आजाराची शक्यता किती, हे संगणक सांगत असे.

1972 मध्ये 304 रुग्णांचा निकाल प्रसिद्ध झाला. संगणकाचे निदान 91.8 टक्के वेळा बरोबर आले, तर रुग्णाला तपासणाऱ्या सर्वांत वरिष्ठ डॉक्टरांचे 79.6 टक्के.

पण खरी गंमत 1974 च्या अहवालात आहे. हा प्रयोग चालू असताना डॉक्टरांचे स्वतःचे निदानही सुधारले! शस्त्रक्रियेआधीच अपेंडिक्स फुटण्याचे प्रमाण 36 टक्क्यांवरून 4 टक्क्यांवर आले. प्रयोग संपल्यावर मात्र ते पुन्हा जुन्या पातळीकडे वळले. असे का व्हावे? संगणकाला माहिती द्यायची म्हणून प्रत्येक प्रश्न नीट विचारावा लागत होता, पोट नीट तपासावे लागत होते आणि आपले कुठे चुकले हेही लगेच कळत होते. ती शिस्त गेली, तसा फायदाही ओसरला.

याच दशकात अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात ‘मायसिन’ ही प्रणाली तयार झाली. जंतुसंसर्गात कोणते अँटिबायोटिक द्यावे, हे ती सांगे. चाचणीत ती तज्ज्ञांच्या तोडीची ठरली, तरी रोजच्या रुग्णसेवेत कधी आली नाही.

आज चित्र बदलले आहे. क्षयरोगाच्या तपासणीत छातीचा एक्स-रे संगणकाकडून वाचून घेण्यास जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये मान्यता दिली, तीही 15 वर्षांवरील व्यक्तींसाठी. जिथे एक्स-रे वाचणारा तज्ज्ञ नाही, तिथे ही मोठीच सोय आहे.

मग तुम्ही काय करावे? एआयला जरूर विचारा, पण तो तुमच्या पोटाला हात लावून पाहू शकत नाही. बेंबीजवळ सुरू झालेले दुखणे उजवीकडे खाली सरकले, सोबत ताप किंवा उलटी असेल, तर मोबाईल बाजूला ठेवा आणि लगेच डॉक्टरांकडे जा. आणि आम्ही डॉक्टरांनी लीड्सचा धडा विसरू नये: यंत्र असो वा नसो, रुग्णाला नीट विचारायचे आणि नीट तपासायचे.