ओटीपी
ऑनलाइन खात्यात प्रवेश करताना, बहुधा पासवर्डच्या जोडीने, द्यावा लागणारा आणि एकदाच चालणारा अंकी कोड. एकवेळच्या पासवर्डांची साखळी लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८१ मध्ये मांडली; वेळेवर आधारलेल्या प्रकाराचे प्रमाणक २०११ चे. त्यात सर्व्हर आणि ऑथेंटिकेटर अ‍ॅप एकाच गुप्त किल्लीवरून, आपापले घड्याळ पाहून, साधारणतः दर ३० सेकंदांनी नवे सहा अंक काढतात. म्हणूनच मोबाइलचे घड्याळ चार-पाच मिनिटे मागे पडले, की पासवर्ड बरोबर असूनही कोड चुकीचा ठरतो. सेटिंगमध्ये तारीख-वेळ आपोआप घेण्याचा पर्याय सुरू करावा. अडचण बहुधा तिथेच मिटते. सिमकार्ड बळकावून हे अंक पळवता येत नाहीत, त्यामुळे एसएमएसपेक्षा ही रीत निश्चितच सरस. बनावट संकेतस्थळावर स्वतःच भरलेला कोड मात्र चोराच्या हाती जातोच.