धुराची परीक्षा

मुंबईच्या गिरण्यांचीं धुरांडीं शहरावर काजळी ओतूं लागलीं, तेव्हां १९१२ सालीं मुंबई सरकारनें धुराच्या उपद्रवाविरुद्ध कायदा केला. मराठवाड्यांतील नायगांव त्या काळीं निजामाच्या राज्यांत. हा कायदा तेथें पोहोंचण्याचें कारणच नव्हतें. धुराची पारख त्या युगांत डोळ्यांनीं होत असे. पॅरिसच्या रिंगेलमन या अध्यापकानें करड्या छटांचा एक तक्ता तयार केला होता. धूर त्याच्याशीं ताडून पाहावयाचा. जितका काळा तितका दोषी.

मोटारींनीं हा न्याय फोल ठरविला. पेट्रोलच्या अर्धवट ज्वलनांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड प्राणघातक खरा, पण त्याला रंग नाहीं, वासहि नाहीं. म्हणून १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनीं डोळ्यांच्या जागीं यंत्र नेमलें. सायलेन्सरच्या तोंडांत तपासणीची नळी घालून वायूचें प्रमाण मोजावयाचें. डिझेलच्या धुरांतून प्रकाश सोडून त्याची दाटी पाहावयाची. हे नियम सर्व देशाचे असल्यानें नांदेडहून देगलूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरील नायगांवच्या ट्रकलाहि ‘पी. यू. सी.’ प्रमाणपत्र बाळगावें लागतें.

तरीहि १९९९ सालीं मुंबईच्या ‘स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरम’ला उच्च न्यायालयाचें दार ठोठावावें लागलें, आणि त्यानंतर न्यायालयाच्या आदेशानें जुन्या टॅक्सी सी. एन. जी. वर आल्या. नियम असूनहि ही पाळी यावी, यांत फारसें नवल नाहीं. तपासणी होते ती उभ्या गाडीची. भरल्या ओझ्यानें चढ चढतांना तीच गाडी काय ओकते, हें यंत्राला दिसत नाहीं. नायट्रोजनचीं ऑक्साइडें तर या तपासणींत मोजलींच जात नाहींत.