पाणी विकणारे आणि पाणी पिणारे

शोध लागला म्हणजे यंत्र बदलते, औषध बदलते, एवढेच आपण सहसा मानतो. पण काही शोधांनी सरकारचे कर्तव्य कोणते, ही कल्पनाच बदलली. लंडनमधील पटकीच्या कारणाचा शोध त्यांपैकी एक होय.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तेथे पटकीच्या साथी येत. रोग दुर्गंधीतून, बिघडलेल्या हवेतून पसरतो, असे बहुतेक विद्वानांचे मत होते. या समजुतीने १८४८ साली आरोग्याचा कायदा झाला, घाण हलविण्याची खटपटही झाली. पण घरांतील मैला गटारांवाटे थेम्स नदीत गेला, आणि त्याच नदीचे पाणी खाजगी कंपन्या घरोघर विकत होत्या! हवेला मालक नसतो. तेव्हा मरणाचा जाब विचारायचा कोणाला?

जॉन स्नो हा डॉक्टर यॉर्क शहरातील एका मजुराचा मुलगा. पटकी पाण्यावाटे पसरते, असे त्याने १८४९ सालीच छापून प्रसिद्ध केले होते. १८५४ च्या साथीत ब्रॉड स्ट्रीटवरील हातपंपाचा दांडा त्याच्या सांगण्यावरून काढला गेला, ही गोष्ट सर्वत्र सांगतात. आम्हांला त्याची दुसरी कामगिरी अधिक मोलाची वाटते. दक्षिण लंडनमध्ये दोन कंपन्यांचे नळ एकाच गल्लीतून जात. लॅम्बेथ कंपनीने १८५२ साली आपले पाणी शहराच्या वरच्या अंगाने घेण्यास सुरुवात केली होती. साउथवर्क अँड व्हॉक्सहॉल कंपनी मात्र मैल्याचेच पाणी उपसत होती. हवा तीच, वस्ती तीच, गरिबीही तीच. फरक फक्त पाण्याचा. मृत्यू झालेल्या घरांच्या दारोदार जाऊन पाणी कोणत्या कंपनीचे, याची चौकशी स्नोने केली. साथीच्या पहिल्या सात आठवड्यांचा हिशेब असा निघाला: लॅम्बेथच्या दर दहा हजार घरांमागे ३७ मृत्यू, आणि दुसरीच्या तितक्याच घरांमागे ३१५!

या आकड्यांनी मरणाला पत्ता मिळाला. जे दैव वाटत होते ते व्यवहार ठरले. आणि व्यवहार म्हटला की कायदा आला, सरकार आले.

पण ते लगेच आले नाही. सरकारी समितीने १८५५ साली स्नोचे म्हणणे फेटाळले. १८५८ साली तो वारला. १८६६ साली पूर्व लंडनच्या गरीब वस्तीत पुन्हा पटकी आली, तेव्हा पूर्वी हवेला दोष देणाऱ्या विल्यम फार यांनीच बोट एका पाणी कंपनीकडे दाखविले. १८८४ साली रॉबर्ट कॉख यांनी आपल्या कलकत्त्यात राहून पटकीचा जंतू ओळखला. लंडनच्या पाणी कंपन्या सार्वजनिक मंडळाकडे देणारा कायदा झाला तो १९०२ साली. स्नोच्या मोजणीनंतर अठ्ठेचाळीस वर्षांनी!

म्हणून आम्ही म्हणतो, शोध आपल्या पायांनी कायद्यापर्यंत चालत जात नाही; त्याला खांद्यावरून न्यावे लागते. आजही कामगाराच्या खोकल्याचे खापर त्याच्या बिडीवर फोडले जाते. अशा वेळी घोषणेच्या आधी वही काढावी: कोणत्या खात्यात किती माणसे, आणि त्यांपैकी खोकणारी किती? मजुराच्या मुलाने शिकविलेली ही मोजणी कोणत्याही कामगाराला करता येण्याजोगी आहे.