थंडीतले धुणे

अस्पृश्य घाणेरडे राहतात, असे म्हणणाऱ्यांनी पौषात नऊवारी लुगडे वाळायला किती वेळ लागतो, याचा विचार कधी केला नाही. 30 अंश सेल्सिअसला घनमीटरभर हवा सुमारे 30 ग्रॅम बाष्प पेलते. 10 अंशांना जेमतेम 9. थंडीत कपडा वाळतो तो कोरड्या वाऱ्यावर, तोही सावकाश. त्यात दिवस लहान. दव पडले की अर्धवट वाळलेले पुन्हा दमट.

दुसरा जोड असलेल्याला ही अडचण कळणार नाही. माझ्या मायला एकच लुगडे. गावाच्या पाणवठ्याच्या खालच्या अंगाला ओढ्यात उभी राहून ती अर्धे धुवी, अर्धे अंगाला गुंडाळी. धुतलेले टोक तरवडावर पसरी. वाळले की बाजू बदली.

मनुस्मृतीने चांडाळांना प्रेतावरची वस्त्रे नेमून दिली. ती 25 डिसेंबर 1927 ला महाडला जाळली. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी स्त्रियांना बजावले, लुगडे फाटके असो, पण स्वच्छ असू द्या. आमचे अभ्यासक त्या भाषणातली लुगडे नेसण्याची रीत तेवढी सांगतात. मी महिना पाहतो: डिसेंबर. आणि पाणी? चवदार तळ्याचा हक्क त्या बायांना हायकोर्टाने दिला तो 1937 साली.

हिवाळ्यात मायची दुसरी बाजू वाळण्याआधीच दिवस मावळे. मग ती ओल्यानिशी चुलीपुढे बसे. लुगडे अंगावरच वाळे.